पाइप जोडून राहिले

‘पाणी मिळालेच पाहिजे’ असं भिंतीवर लिहिलेलं तुम्ही शंभरदा वाचलं असेल. पण ते पाणी कुणी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वाटेनं आणायचं, हे तुम्ही एकदा तरी कुणाला विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. उलट अशा भिंती रंगवण्यात माझं शाळेचं वय गेलं. नांदेडला आमच्या घरात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर चळवळीचे लेखनिक. त्यांनी मजकूर लिहायचा, छापखान्यातून प्रूफ आलं की आईनं आणि मी चुका काढायच्या. मी वाचायला शिकले ते त्या प्रुफांवर. ‘मामा’च्या आधी मला ‘मागण्या’ हा शब्द वाचता आला असं आई सांगते. ती थोडं वाढवून सांगत असेल. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की तो हक्काचाच विषय असायचा. लहान वाक्य, ठाम क्रियापद, शेवटी उद्गारचिन्ह, ही माझी मातृभाषा. मी अभियांत्रिकीची पदविका घेतली तेव्हा वडील म्हणाले, “आता मागणारी राहिली नाहीस. देणारी झालीस. लक्षात ठेव.” मला ते तेव्हा फार आवडलं, पण त्यात काय काय येतं ते कळलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. भाड्याच्या घरांत कचेऱ्या उघडल्या होत्या, आणि पाट्यांचा रंग बोटाला लागायचा. नव्या जिल्ह्यात माणसं हवीच होती. मला एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक मिळाली. अहमदपूरहून एसटीनं तासाभराची वाट. गावाचं नाव लिहीत नाही. जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, गावाला त्यात ओढायचं कारण नाही.

मी रुजू झाले ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. जुन्या वस्तीतला मोठा आड कोरडा पडला होता, आणि त्याच्या मागच्या गल्लीला टँकरशिवाय दुसरा आधार उरला नव्हता. गल्ली इतकी अरुंद की टँकर तोंडाशीच थांबायचा आणि बायका हंडे घेऊन पळायच्या. गावाबाहेर नव्या बोअरना मात्र पाणी लागलं होतं. ते उंच टाकीत चढत होतं. टाकीपासून गल्लीपर्यंतची पाइपलाइन तेवढी नव्हती.

या गल्लीचं काम माझ्याकडे आलं. कागदावर त्याचं नाव ‘जुन्या वस्तीची सुधारणा’. गल्लीच्या मधोमध चर खोदून पाइप टाकायचा, घरोघरी नळ द्यायचा, दोन्ही कडेला झाकलेली नाली बांधायची आणि वर फरसबंदी करायची. नाली बांधायला घरांपुढचे ओटे काढावे लागणार होते, आणि ते काम गुत्तेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, दिलं होतं. ते ओटे नगरपरिषदेच्या नकाशात अतिक्रमण होते. गल्लीच्या हिशेबात ती घराची पुढची खोली होती.

काम सुरू व्हायच्या आधी आम्हा नव्या माणसांना लातूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. मुंबईहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी चौकटीच्या कागदावर कामांच्या आडव्या पट्ट्या काढायला शिकवलं. डावीकडे कामाचं नाव, वर आठवडे, आणि प्रत्येक काम जिथं सुरू होतं तिथून संपतं तिथपर्यंत एक पट्टी. जे काम अडलं की पुढचं सगळं अडतं, त्याची पट्टी लाल. मी हरखून गेले. आयुष्यभर मी मागण्या वाचल्या होत्या, आणि इथं पहिल्यांदा मागणीला वार आणि तारीख चिकटलेली दिसत होती. शेवटच्या दिवशी मी विचारलं, “सर, हा तक्ता गल्लीतल्या लोकांना दाखवायचा का?”

ते हसले. “नको. त्यांना त्यातलं कळत नाही. नुसता गोंधळ होतो.”

मला राग आला. पण गंमत अशी की परत आल्यावर मीही तो तक्ता कचेरीच्या भिंतीलाच टाचला. गल्लीत नेला नाही. दाखवला फक्त मामूंना.

मामू म्हणजे आमचे मुकादम. वय साठीला आलेलं. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी इथंच नळ जोडले होते, असं ते अभिमानानं सांगायचे. तक्त्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, “ये क्या है बाई, चादरीचं डिझाइन?”

“आपल्या कामाचा तक्ता आहे मामू.”

“ह्यात मी कुठं हाय?”

मी पाइप जोडणीची लाल पट्टी दाखवली.

“लई बारीक काढलं मला,” मामू म्हणाले, आणि बिडी शोधायला खिसे चापपू लागले.

मग गल्लीची सभा घेतली, कोरड्या आडाच्या कट्ट्यावर. पुरुषांनी भाषणं केली, मीही केलं. माझं भाषण चांगलं झालं असं मला वाटत होतं, तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. गल्लीच्या मधोमध त्यांचं घर. ओट्यावर शिलाई मशीन, आणि दिवसभर झंपर आणि शाळेचे गणवेश. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांचा ओटा सर्वांत मोठा होता. त्या तयार झाल्या तर बाकीचे तयार होणार, हे मला मामूंनी आधीच सांगितलं होतं.

“पोरी, तू सरकारची का आमची?” मावशींनी विचारलं.

“दोघांची.”

“असं नसतंय. बरं, ऱ्हाऊ दे. माझं एकच म्हननं हाय. आधी नळाचं पानी माझ्या हंड्यात पडू दे. मग तुझी पहार माझ्या ओट्याला लागू दे. तवर टँकर बंद करायचा न्हाई. हे लिहून दे.”

मी तिथंच वहीच्या पानावर लिहून दिलं. आधी पाणी, मग ओटा, तोवर टँकर. खाली माझी सही केली. मावशींनी अंगठा लावला, मग गल्लीनं सह्या आणि अंगठे दिले. पाइप मधल्या चरातून जाणार होता, त्यामुळे ओट्याला हात न लावता पाणी आणणं शक्य होतं. वचन पाळण्यासारखं होतं, म्हणूनच मी दिलं.

आता आमच्या कचेरीतली एक गोष्ट सांगायला हवी. मुख्याधिकारी साहेब पुण्याकडचे, आणि फोनच्या टेबलाशी बसणारे कारकून भाऊसाहेब साताऱ्याकडचे. नवा जिल्हा म्हणून दोघेही बदलीवर आलेले. माझं बोलणं भाऊसाहेबांच्या कानाला टोचायचं.

“काय मॅडम, काय चाललंय?” ते विचारायचे.

“अहवाल लिहून राहिले.”

“लिहून राहिले काय? लिहीत आहे म्हणा. ‘लिहून राहिले’ म्हटलं की कुणीतरी लिहिता लिहिता तिथंच राहायला गेल्यासारखं वाटतं.”

साहेब हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, “भाऊसाहेब, ही कचेरी ह्या गावची आहे. ह्या गावासारखीच बोलंल.” त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. तोपर्यंत मी लिहीत आहे आणि लिहून राहिले, दोन्ही बोलायची. आता मी मुद्दाम एकच बोलू लागले. कागदावर शुद्ध, तोंडानं आमचं. त्या हट्टाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. त्याच्यासोबत जी खबरदारी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, याचा आहे.

चर खोदून झाला. खाली मुरूम लागला, मग काळा दगड, पण मामूंनी वेळ गाठली. पाइप चरात उतरले, आणि एकेका सांध्यात ताग ठोकून वितळलेलं शिसं ओतायचं काम सुरू झालं. टाकीजवळ बसवायचा मोठा व्हॉल्व्ह तेवढा मिळेना. तो आणायला मी नांदेडला गेले. स्टेशनाजवळचा दुकानदार म्हणाला, “सगळा माल विष्णुपुरी धरणाच्या कामाला गेला ताई. दोन दिवस थांबा.” मी थांबले. निघायच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह हातात आला तेव्हा पोस्टातून कचेरीला ट्रंक कॉल लावला. लाइन खरखरत होती. भाऊसाहेबांनी उचलला.

मी ओरडून सांगितलं, “पाइप जोडून राहिले! व्हॉल्व्ह मिळाला! उद्या दुपारच्या गाडीनं येते!”

“काय? जोडून?”

“जोडून राहिले!”

“बरं, बरं,” ते म्हणाले, आणि कॉल तुटला.

स्टँडवर उतरले तेव्हा दिवस कलला होता. व्हॉल्व्ह गोणपाटात गुंडाळून मी ओढतच खाली आणला. मामू समोर उभे होते. ते कधी स्टँडवर घ्यायला येत नसत.

“बाई, लई वाईट झालं,” ते म्हणाले. “दुपारी गुत्तेदाराची मान्सं आली. पाच ओटे फोडले. मावशीचा पयला.”

“पण पाणी कुठं सोडलंय आपण?”

“मी तेच म्हनलं. अर्धे सांधे बाकी हाय म्हनलं. तर म्हनले, सायबाचा कागद हाय. आन सकाळी टँकर पन आला न्हाई. दुसऱ्या वस्तीला पाठवला म्हनं.”

व्हॉल्व्ह मामूंच्या हातगाडीवर टाकून मी तशीच गल्लीत गेले. ओट्यांचे दगड चरावर पडले होते. बायका रिकाम्या हंड्यांची रांग लावून दारात उभ्या होत्या. मावशींची मशीन उंबऱ्यात आडवी लावलेली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्या तिच्यामागे बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या ओरडतील.

“ये,” त्या म्हणाल्या. “बस. पन कुठं बसतीस? बसायची जागा तर तूच नेलीस.”

मी म्हटलं, “मावशी, मी सांगितलं नव्हतं हे.”

“मग कोनी सांगितलं? सही कोनाची हाय त्या पानावर?”

माझीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांच्या दैनंदिनीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘पाइप जोडणी पूर्ण. व्हॉल्व्ह प्राप्त.’

“पूर्ण कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“तुम्हीच! तुम्ही म्हणालात, जोडून राहिले.”

“जोडून राहिले म्हणजे जोडत आहेत!”

“अहो मॅडम, जोडायचे राहिले म्हणाला असतात तर मी शिल्लक लिहिलं असतं. तुम्ही म्हणालात जोडून. जोडून म्हणजे जोडल्यानंतर. मग आणखी काय राहिलं? झालंच की!”

त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबर होतं. आणि ते मुद्दाम वागले नव्हते, हे त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग मी तक्त्यासमोर गेले. माझ्याच हातचा तक्ता. पाइप जोडणीची लाल पट्टी जिथं संपत होती, बरोबर तिथं टँकरची पट्टीही संपत होती आणि तिथूनच ओटे काढण्याची पट्टी सुरू होत होती. मधे पाणी सोडून बघण्याची पट्टीच नव्हती. सांधे गळतात का ते बघायचं, प्रत्येक नळाला पाणी येतं का ते बघायचं, हे मला इतकं उघड वाटलं होतं की मी ते लिहिलंच नव्हतं. साहेबांनी ‘पूर्ण’ वाचलं आणि माझ्याच तक्त्यातली पुढची दोन कामं उरकली: टँकर हलवला आणि गुत्तेदाराला कागद दिला. त्यांनी माझं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं. सहीचं पान माझ्या वहीत होतं आणि वही माझ्या पिशवीत, नांदेडला.

साहेब म्हणाले, “चुकीचं नंतर बघू. फाइलवर ‘गैरसमजातून’ असं लिहितो. कुणाचं नाव नको.”

“नको साहेब,” मी म्हटलं. “माझं लिहा. आणि टँकर आत्ता परत पाठवा.”

त्यांनी फाइल बाजूला सारली आणि फोन उचलला. अकरापर्यंत टँकर गल्लीच्या तोंडाशी आला. साहेब वाईट नव्हते, एवढं मला इथं लिहून ठेवायचं आहे.

टँकर आला, पण गल्ली हलली नाही. बायका चरात उतरून बसल्या होत्या, फोडलेल्या दगडांवर. पाइपला हात लावू देईनात. मी कचेरीत परत गेले आणि मला जे येत होतं तेच केलं. पत्रक लिहिलं. सायक्लोस्टाइलवर काढलं, हातांना शाई लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःविरुद्ध पत्रक काढत होते. ‘पाण्याआधी ओटे फुटले. चूक माझी आहे. पाइपचे निम्मे सांधे अजून जोडायचे आहेत. पाणी येईपर्यंत एकाही उरलेल्या ओट्याला हात लागणार नाही. टँकर बंद होणार नाही.’ खाली माझं नाव आणि हुद्दा.

गल्लीत एका शाळेतल्या मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी चरात बसूनच ऐकत होत्या.

“चूक माझी म्हनली,” त्या म्हणाल्या. “बरं. असं म्हननारी सरकारी बाई म्या पयल्यांदा बगितली. पन ह्या कागदानं हंडा भरतोय का?”

“नाही.”

“मग पुढं काय करनार ते सांग.”

मला तेव्हा मुंबईच्या गृहस्थांचं वाक्य आठवलं, त्यांना त्यातलं कळत नाही म्हणून. मामूंना म्हटलं, चुना आणा आणि गेरू आणा. आडाच्या कट्ट्याला लागून एक उंच भिंत होती. दोघांनी ती दुपारभर पांढरी केली, आणि तिच्यावर मी तक्ता काढला. पट्ट्या नाहीत, नुसत्या ओळी. काम कोणतं, ते कोण करणार, कोणत्या वारी होणार. शेवटचा रकाना ‘झालं’. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते आणि गल्ली गोळा होत होती. पहिल्यांदा कचेरीच्या सवयीनं मी लिहिलं, ‘उर्वरित सांधे जोडण्यात येतील.’

“येतील म्हंजी?” मामूंनी विचारलं. “कोन करून ऱ्हाईल? मीच ना? मग माझं नाव लिव्हा की.”

लोक हसले. मी ते पुसून मामूंचं नाव लिहिलं. भाऊसाहेबांचंही लिहिलं, टँकरच्या ओळीसमोर. साहेबांचंही. माझं पाच ठिकाणी आलं. पत्रकातल्या ‘मिळालेच पाहिजे’ला कर्ता नसतो, आणि कचेरीतल्या ‘करण्यात येत आहे’लाही नसतो, हे मला त्या भिंतीसमोर हातात गेरू असताना कळलं. दोन्ही भाषा मला उत्तम येत होत्या.

“आन झालं हे कोन ठरवनार?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही.”

“मला लिहिता येत न्हाई.”

“कापडावर कसं ठरवता कुठं कापायचं ते?”

त्यांनी लुगड्याच्या कनवटीतून शिंप्याचा निळा खडू काढून दाखवला. ठरलं. त्यांची निळी फुली पडल्याशिवाय कोणतंही काम झालं असं धरायचं नाही. मी साहेबांना तसं लेखी कळवलं. ते म्हणाले, “नियमात असं काही नाही.” मी म्हटलं, “नियमात याच्याविरुद्धही काही नाही.” त्यांनी कागद ठेवून घेतला. मला तेवढं पुरे होतं.

सगळ्या ओळी वाचून संपल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, “समदं लिव्हलं. माझा उजेड कुठं हाय ह्यात?”

“कसला उजेड?”

“अगं, ओटा म्या बसायला धरून बसले का? आत अंधार हाय. मशीन आत नेली की सुईत दोरा जात न्हाई. ओट्यावर उजेड हाय म्हनून ओटा पायजे. ओटा गेला तर जाऊ दे. उजेड दे.”

मी त्यांच्या घरात कितीदा गेले होते. पाणी प्याले होते. घराची पुढची भिंत सलग होती, तिला एक झरोका सोडून काही नव्हतं, हे मी बघितलं होतं आणि पाहिलं नव्हतं. गल्लीत महिनाभर टेप घेऊन फिरले, ओट्यांची लांबी रुंदी मोजली, आणि त्या ओट्यावर नेमकं काय आहे हे एकदाही विचारलं नाही. भिंतीवर शेवटची ओळ वाढली. खिडकी. कोण, तर मी आणि गवंडी. वार, बुधवार.

साहेबांना समजावणं सोपं नव्हतं. “नळयोजनेत खिडकी कुठल्या कलमाखाली घालू मी?”

“करार मोडून केलेल्या तोडफोडीची दुरुस्ती म्हणून घाला. ओटा आपण फोडलाय साहेब.”

“मग उद्या सगळी गल्ली खिडक्या मागेल.”

“ज्यांचं काम उजेडावर आहे ते मागतील. त्यांना द्यायला हवी.”

मोडीत निघालेल्या शाळेच्या खोलीची एक चौकट नगरपरिषदेच्या गोदामात पडून होती. ती मिळाली. फोडलेल्या ओट्याचेच दगड गवंड्यानं खिडकीखाली वापरले. बुधवार म्हटलं होतं, शुक्रवारी झाली. मावशींनी आत मशीन लावली, सुईत दोरा घातला, बाहेर आल्या आणि फुली मारली. वाराच्या रकान्यातला बुधवार खोडून शुक्रवार लिहायला मला लावलं. गल्लीला दिसलं पायजे, म्हणाल्या.

मामू शिसं ओतत पुढं सरकत होते. भाऊसाहेब आता रोज स्वतः भिंतीपाशी यायचे. फोनवर बोलताना तर ते प्रत्येकाला विचारायचे, “म्हणजे करत आहात, की करून मोकळे झालात? एकच सांगा.” एकदा मामूंनी त्यांना मुद्दाम सांगितलं, “जेवून राहिलो साहेब.” ते म्हणाले, “पोट भरलं की भरायचंय?” दोघेही हसत सुटले.

पाणी सोडायचा दिवस ठरला. साहेब आले, नगरपरिषदेचे दोन सदस्य आले, कुणीतरी नारळ आणला. टाकीजवळ व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या चार घरांत धार पडली. टाळ्या झाल्या. मावशींच्या नळातून मात्र नुसती हवा येत होती.

“फुसफुस करून राहिलाय,” मावशी हंडा धरून म्हणाल्या.

साहेब म्हणाले, “येतंय ना? थोड्या वेळात येईलच. काम झालंय असं समजायला हरकत नाही. फुली मारा मावशी.”

बोलायचा अधिकार ज्यांना दिला होता त्याच बोलणार होत्या. मावशींनी खडू काढला, भिंतीकडे बघितलं, आणि परत कनवटीला लावला. “सायेब, तुमच्या घरी असं पानी आलं तर तुमी त्याला पानी म्हनाल का?”

नारळ फुटला नाही. सदस्य निघून गेले. मामू गुडघ्यांवर बसून जमिनीला कान लावत गल्लीभर फिरले, आणि एका सांध्यापाशी थांबले. माती ओली होती. “हाच,” ते म्हणाले. “माझाच हाय. घाईत ओतला.” चर उघडला, सांधा पुन्हा केला. दोन दिवस गेले. दोन्ही दिवस टँकर आला, कारण भिंतीवर त्या ओळीवर फुली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ नव्हता, साहेब नव्हते. आम्ही चार माणसं. व्हॉल्व्ह उघडला. मावशींच्या नळाला आधी गढूळ, मग स्वच्छ धार आली. हंडा भरला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, खडू कधी निघतो म्हणून. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकाला चालू लागल्या. शेवटच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. तिथला नळ सोडून बघितला. धार बारीक होती, पण कळशी भरेपर्यंत मावशी उभ्या राहिल्या. मग भिंतीपाशी परत आल्या आणि पाण्याच्या ओळीवर निळी फुली मारली. मागं वळून मला म्हणाल्या, “आता आन तुझी पहार. उरलेले ओटे पन काढ. मी सांगते समद्यांला.”

आणि सांगितलंही. उरलेले ओटे लोकांनी स्वतःच्या हातांनी उतरवले. त्याआधी गल्लीनं भिंतीवर आणखी सात ओळी घालायला लावल्या. एका घराला खिडकी हवी होती, एकाला शेळी बांधायला कडी, एकाला आजीला उतरण्यासाठी पायरी. मुंबईच्या गृहस्थांच्या तक्त्यात त्यातलं काहीच बसलं नसतं. मावशी आता खिडकीत बसून गणवेश शिवतात. जाता येता मी दिसले की विचारतात, “काय करून राहिलीस?” आणि मी काय करून राहिले ते सांगते, वारासकट.

तुमच्या गल्लीत, पेठेत, वस्तीत असं काम आता निघालं असेल किंवा निघणार असेल. माझं तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते याच आठवड्यात करायचं आहे. चार शेजारी घेऊन नगरपरिषदेत जा आणि तुमच्या कामांची यादी मागा. ती गल्लीत आणून मोठ्यानं वाचा. प्रत्येक ओळीसमोर कुणाचं नाव आहे ते बघा, नसेल तिथं विचारा. आणि घरी जाऊन आपल्या उंबऱ्यात उभं राहून नीट बघा, तुमचं काय त्या यादीत आलेलं नाही. ते त्याच दिवशी, तुमच्या बोलीत, शेवटच्या ओळीखाली लिहा.